चार वर्षांचा मुलगा, अठ्ठ्याहत्तरच्या साबा (सासूबाई) आणि एक संध्याकाळ: पुण्यात कुठे नेता?

मंडळी, मदत हवीये. साबा मेचा पूर्ण महिना आमच्याकडे आहेत, लेक चार वर्षांचा, शाळेला सुट्टी, आणि नवरोबांचं एकच पालुपद, "मॉलला जाऊ, एसी असतो". मला मॉल नकोय. झाड, माती, पाणी असलं काहीतरी हवंय जिथे हा सुटेल आणि साबांना टेकायला बाक मिळेल. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पायऱ्या चढतात पण आपल्या आपल्या गतीने. नेटवर याद्या खूप वाचल्या, फोटो सगळीकडे झकास आणि टॉयलेटबद्दल चकार शब्द नाही. म्हणून तुम्ही स्वतः गेलात तिथलं लिहा, आणि काय फसलं ते आधी लिहा.

सुरुवात मीच करते. मागच्या आठवड्यात सगळं आवरून, दशम्या-चटणी बांधून, तिघं रिक्षाने कात्रजच्या प्राणीसंग्रहालयाला गेलो. उतरलो तर गेट बंद. बुधवारी सुट्टी असते म्हणे. तपासायचं मीच विसरले. लेकाने गजांना धरून "वाघ झोपलाय का?" असं चार वेळा विचारलं, मग तिथेच सावलीत बसून दशम्या संपवल्या आणि घरी. साबा रिक्षात म्हणाल्या, "दशमी मात्र छान झाली होती हो."

सातारारोडकर
हाहा, बुधवारचा प्रसाद आम्हीपण खाल्लाय. पण कात्रज सोडू नका. फक्त आवाका लक्षात घ्या, १३० एकर आहे ते, त्यात ४२ एकरांचं तर तळंच. चार वर्षांचं पोर निम्म्यात "कडेवर" म्हणतं आणि गुडघेवाल्या माणसाला तर शक्यच नाही, तेव्हा आत बॅटरीवर चालणारी गाडी असते तिचं तिकीट आधी काढा. आणि सगळं बघायचा हट्ट सोडा हो, आम्ही पहिल्यांदा यादी घेऊन गेल्यासारखं वाघ झाला, अस्वल झालं, चला पुढे, असं केलं आणि पोरगी शेवटी रडली कारण तिला माकडांपाशीच थांबायचं होतं. आता सर्पोद्यान आणि अजून एखादा पिंजरा, बास. माझे वडील बरोबर असले की नागराजासमोर उभं राहून सर्पमित्र नीलिमकुमार खैरेंची गोष्ट सांगतातच, १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिले होते ती. दर वेळी शेजारची चार अनोळखी पोरं पण ऐकायला जमतात.

एरंडवण्याची_आत्या
सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, जपानी बाग म्हणतात ती. ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून केलीये, दहा एकर. साबांना शंभर टक्के आवडेल. सपाट पायवाटा, पाणी, पूल, छोटा धबधबा, आणि ते पाणी कालव्याचं आहे हे कळल्यापासून माझ्या आईला बागेबद्दल एकदम आदर वाटायला लागला.
पण चार वर्षांच्या मुलासाठी?? माझा भाचा पुलावर पालथा पडून पाऊण तास केशरी-पांढरे मासे बघत होता, तोंड उघडतात मिटतात, उघडतात मिटतात, हाही तसंच करत होता. त्या दिवशी जमलं. पुढच्या खेपेला त्याला धावायचं होतं, आणि ती बाग धावायची नाही, बघायची आहे. हिरवळ नुसती डोळ्यांनी खायची. डबा, बॉल, बॅडमिंटन घरी ठेवून जा.

बाबा_ऑन_ड्यूटी
धावायचं असेल तर एम्प्रेस गार्डन, डोळे मिटून. रेसकोर्सच्या बाजूला, ३९ एकर. ऐन मेमध्ये दुपारी बारालापण आत गेलं की अंगावर गार पडतं इतकी जुनी झाडं आहेत. आणि वेली!! वेल म्हणजे आपल्या बाल्कनीतला मनीप्लँट नाही, माझ्या मांडीएवढं खोड, जमिनीवरून वळसे घेत झाडावर जाऊन परत खाली. माझी दोन्ही कार्टी त्यावर घोडा-घोडा करत बसली ती उठेनात. सतरंजी, थालीपीठं, पाण्याचा मोठा कॅन, आणि साबांसाठी एक फोल्डिंग खुर्ची न्या कारण बाक हवा तिथे नसतो. मुंग्यांचं बघा फक्त, आम्ही सतरंजी बरोब्बर वारुळावर घातली होती, बायको अजून ऐकवते. २६ जानेवारीच्या आसपास तिथे पुष्पप्रदर्शन असतं, सुंदर असतं, पण तेव्हा लहान मूल घेऊन जाल तर त्याला फुलं नाही, लोकांच्या कमरा दिसतील.

नाव_नको
टॉयलेटचं कुणीतरी बोललं बरं झालं. बागेचं नाव घेत नाही, आमच्या घराजवळची आहे आणि रोज जायचंय. स्वच्छतागृह आहे, बाहेर पाटी आहे, आणि दाराला कुलूप आहे. किल्ली माळीकाकांकडे, माळीकाका जेवायला. लेक तीन वर्षांची, पायाला अढी मारून उभी. शेवटी समोरच्या सोसायटीतल्या एका आजींनी घरात घेतलं, वर तिला लिंबू सरबत पाजलं, म्हणजे अर्ध्या तासाने परत तोच प्रश्न. तेव्हापासून माझ्या पिशवीत डब्याआधी एक जास्तीचा कपड्यांचा जोड जातो.

टेकडीवेडा
तुम्ही सगळे बागा बागा काय करताय, पुण्याची खरी बाग टेकडी. वेताळ टेकडीला सकाळी साडेसहाला जा, एआरएआयच्या (ती गाड्या तपासणारी संस्था) बाजूने गाडी बरीच वर जाते, पुढे चाल जवळजवळ सपाट. जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठलेलं असतं, मोर ओरडतात, नशीब असेल तर दिसतात. माझ्या मुलाने पहिल्या दिवशी खिशात अकरा दगड भरले आणि परत येताना चड्डी घसरायला लागली तरी एकही टाकेना, मग चड्डी त्याने धरली आणि दगड मी.
पण साबांना नका नेऊ. वर सावली नाही, टॉयलेट नाही, खडी घसरते. त्यांच्यासाठी तळजाई बरी, रुंद वाट आहे, त्यांच्या वयाची सगळी जनता सकाळी तिथेच भेटते, ओळखी निघतील. साडेआठच्या आत उतरायचं, मे महिना आहे.

डेक्कनवाली
मेट्रो! हसू नका. आमच्या घरची गेल्या दोन वर्षांतली सगळ्यात यशस्वी सहल म्हणजे वनाज ते रामवाडी आणि परत. लिफ्ट, सरकता जिना, एसी (नवरोबा खूश), नदी वरून दिसते, आणि डेक्कन, संभाजी उद्यान स्टेशनांची छपरं पगडीसारखी आहेत ती दाखवायची. येताना संभाजी उद्यानला उतरून समोरच बाग. दिवाळीत तर तिथे किल्ले मांडलेले असतात, खरेखुरे दगडमातीचे, बुरुज-माच्यांसकट, आम्ही दर वर्षी बघून येतो आणि मग आमचा सोसायटीतला किल्ला आम्हालाच केविलवाणा वाटतो.

धायरीकर
सिंहगडावर न्या की, वरपर्यंत गाडी जाते. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. साबा खूश.

सातारारोडकर
@धायरीकर अहो गाडीतळापासून पुढे पुणे दरवाजापर्यंत चढ आहे तो कोण चढणार, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय लिहिलंय त्यांनी. आणि रविवारी घाटात अडकलात तर पोराला सू कुठे करवणार?

धायरीकर
बरं. मग खडकवासला. कडेला गाडी लावून भाजलेलं कणीस खायचं, वारा खायचा, परत यायचं. पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पाय बुडवायलापण नाही, हे आमच्याकडे गाडीतून उतरायच्या आधी बजावलं जातं.

पाषाणची_पमी
पाषाण तलाव, पण आत्ता नको, थंडीत. सकाळी दुर्बीण घेऊन. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात ते बघून आमची म्हणाली, "त्यांना टॉवेल नाहीये."

पेठेतला_जुना
उशीर झाला लिहायला. दहा उत्तरं झाली आणि सारसबाग-पेशवे पार्क कुणीच लिहिलं नाही? कमाल आहे. घरचं म्हणून विसरलात बहुतेक.
आमच्या लहानपणी पेशवे पार्कात वाघ, सिंह, हत्ती सगळं होतं. १९५३ सालचं ते, नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्राणी कात्रजला गेले. फुलराणी, ती मुलांची छोटी आगगाडी, मात्र राहिली, १९५६ पासूनची. तुमच्या लेकाला वाघापेक्षा ती आवडेल, लिहून देतो. संध्याकाळी पाचनंतर जा, आधी फुलराणी, मग शेजारी सारसबागेत गवतावर फतकल मारायची, गणपतीला जायला थोड्याच पायऱ्या आहेत, कठडा धरून साबा आरामात चढतील. तिथे पूर्वी खरंच तळं होतं, म्हणून तळ्यातला गणपती. पेशवे त्यात नावेत बसून खलबतं करायचे आणि वल्हवायला मराठी न कळणारे हबशी ठेवायचे असं म्हणतात. आणि थंडीत गेलात तर गणपती स्वेटर-कानटोपी घालून बसलेला दिसतो. माझ्या नातीने विचारलं होतं, बाप्पाच्या सोंडेला नाही का गारठा वाजत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर बाहेर चौपाटीवर भेळ. मुलाची बिनतिखटाची आधी सांगा, नाहीतर भैय्या सवयीने मिरची फिरवतो.

धागाकर्ती, परत
काल जाऊन आलो!! पेठेतला_जुना काका, तुमचंच ऐकलं.

रिक्षात मी साबांना सहज म्हटलं, फुलराणी १९५६ सालची आहे म्हणे. तर त्या म्हणाल्या, "म्हणे काय, मी बसलेय ना." सदाशिव पेठेतलं माहेर, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या, वडिलांनी पाचही भावंडांना चालत नेलं होतं आणि धाकट्याने शिट्टीला घाबरून भोकाड पसरलं म्हणून त्याला घेऊन वडील खालीच थांबले. अकरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, ही गोष्ट मला माहीत नव्हती. नवऱ्यालापण नव्हती!

तिकिटं काढली. साबा म्हणाल्या मी बसते बाकावर, तुम्ही जा. मग गाडी आली, शिट्टी झाली, आणि त्या पर्स माझ्या हातात देऊन सरळ शेवटच्या डब्यात. बाकडी मुलांच्या मापाची, गुडघे पोटाशी. मला धडकी भरली होती. वळणावर त्यांनी हात केला, आम्हाला नाही, झाडांमध्ये कुणालातरी केल्यासारखा.

उतरवताना नवरा एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, "हळू आई, हळू" करत अक्षरशः ओढून काढलं. साडी झटकली, गुडघा चोळला, आणि म्हणाल्या, "अजून एक तिकीट काढ गं."

चिरंजीव? ते पहिली फेरी झाल्यावर रुळांच्या कडेला एक गोगलगाय सापडली तिच्याशी बोलत बसले होते. दुसऱ्या फेरीला आलेच नाहीत.