मेस लावावी की खोलीवर करावं? पुण्यातल्या विद्यार्थ्याचा हिशोब

जमाखर्च
खोलीचं भाडं एकदा ठरलं की हलत नाही. हलतं ते खाणं, म्हणून वाद तिथलाच. माझं मत: दोघं-तिघं एकत्र राहत असाल तर मेस बंद करा.

दोन वेळची मेस महिन्याला 3000 रुपये धरू. 60 जेवणं, म्हणजे ताट 50 रुपयांना, असं वाटतं. पण रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद. चार गेली, उरली 56. महिन्यात दोनदा गावी गेलात आणि दर खेपेला चार जेवणं बुडाली, तर 48. ताट पडलं साडेबासष्टला. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा, मिळेल म्हणाल, तर तो सहसा सलग तीन-चार दिवसांचा आणि आधी सांगितला तरच धरतात.

खोलीवर एका जेवणाला 100 ग्रॅम तांदूळ, 40 ग्रॅम तूरडाळ, 150 ग्रॅम भाजी, दोन चमचे तेल. किलोचे भाव तांदूळ 55, डाळ 150, भाजी 60, तेल 150 धरले तर 22 रुपये होतात. मसाला-इंधन धरून 25. महिन्याचे 1500, निम्मे.

रस्सा_वाढा
यात पोळी कुठंय? किलोभर कणकेच्या 25-26 पोळ्या होतात. कणीक 45 रुपये किलो असेल तर पोळी पावणेदोन रुपयांना, हे खरं. पण सबमिशनच्या आठवड्यात लाटणार कोण? मग पोळीभाजी केंद्र. पोळी 8 रुपये धरा, जेवणाला तीन, महिन्याला 180, म्हणजे 1440. तुमच्या 1500 मध्ये मिळवा: 2940. मेसपेक्षा 60 रुपये वाचले आणि भांडी घासायला मिळाली. अभिनंदन.

जमाखर्च
पोळी आणि भात दोन्ही पोटभर धरलेत. सकाळी विकतच्या तीन पोळ्या आणि रात्री खिचडी असं धरा. 90 पोळ्यांचे 720 वाढले, 30 जेवणांचा तांदूळ, म्हणजे 165 रुपये, कमी झाला. एकूण 2055. शिवाय गावी गेलात की त्या दिवसांचा खर्च आपोआप थांबतो, खाडा मागायला लागत नाही.

मीटररीडिंग
इंधनाचा आकडा मला पटत नाही. इंडक्शन 1200 वॅटवर अर्धा तास चालली की 0.6 युनिट. घरमालक सबमीटरवर युनिटला 10 रुपये लावत असेल तर एका वेळेचे 6 रुपये. दोघांत वाटले तर 3, एकट्याला सगळे 6. म्हणून 'दोघं-तिघं' ही अट सोडू नका, एकट्यासाठी हिशोब बिघडतो.

आणि 2000 वॅटची शेगडी 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटला लावू नका. 230 व्होल्टवर तो सॉकेट जेमतेम 1380 वॅट सोसतो. आधी पिन तापते, मग प्लास्टिक वितळतं. 16 अँपिअरचा मोठा सॉकेट नसेल तर साधारण 400 वॅटचा एक लिटरचा राइस कुकर घ्या. घरचा प्रेशर कुकर इंडक्शनवर चालेल का हे पाहायला त्याच्या बुडाला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर चालणार नाही.

भाडेकरारात इंडक्शनला बंदी असेल तर हा धागा इथेच संपतो. 5 किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना मिळतो, पण 14.2 किलोच्या घरगुती टाकीपेक्षा तो किलोमागे महाग. कोपऱ्यावरच्या दुकानात भरून घेणं बेकायदा आणि जीवघेणं आहे.

रस्सा_वाढा
नासाडीचं काय? फ्रीज नाही. एकट्याला पाऊण किलोचा कोबी म्हणजे पाच दिवस कोबी, नाहीतर कचरा.

जमाखर्च
पालेभाजी त्याच दिवशी संपवायची. बटाटा, कांदा, दुधी, मूग, मटकी टिकतात. 50 ग्रॅम मटकी भिजवून मोड आणली की एकाची उसळ होते, तिला फ्रीज लागत नाही.

हप्ता_कधी
तुम्ही सगळे रकमेवर भांडताय, अडचण तारखेची आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000 ठरलेत. भोजनाचे पैसे दहा महिन्यांवर पसरले तर 3200, म्हणजे वर धरलेली मेस बसते. पण पैसे दरमहा येत नाहीत आणि मेस 1 तारखेला आगाऊ मागते. हप्ता लांबला तर उधारीवर किराणा अर्धा किलो अर्धा किलो घेतला जातो, तो महाग पडतो. अशा वेळी महिन्याची मेस लावूच नका. कूपन घ्या, आणि ती किती दिवसांत संपवायची ते पैसे देण्याआधी विचारा. हप्ता आला की त्याच दिवशी दोन महिन्यांचा तांदूळ-डाळ भरा, उरलेले दुसऱ्या खात्यात.

रस्सा_वाढा
हे मान्य. पण एकवेळची मेस आणि रात्रीची खिचडी हा मध्यममार्ग कोणी सुचवू नका. एकवेळची मेस अर्ध्याहून महाग असते. 1700 धरा, त्यात खिचडीचे 750 मिळवा: 2450.

जमाखर्च
म्हणजे 3000 पेक्षा 550 कमीच की.

रस्सा_वाढा
रात्री कुकर कोण घासणार ते लिहा, मग बोलू.