मदत हवी आहे: चहातला बारा ब्रिथ हलका होतच नाहीये

रानजाई

नमस्कार मंडळी, आम्ही सध्या स्वान्सीला असतो, म्हणजे वेल्समध्ये, आणि इथे बारा ब्रिथ म्हणून एक फ्रूट लोफ घरोघरी करतात. बेदाणे, मनुका वगैरे रात्रभर कोऱ्या चहात भिजवायचे आणि त्याचा लोफ करायचा, मग पातळ स्लाइस कापून वर खारट बटर लावून खायचं. आमच्या शेजारच्या वेल्श आजी अधूनमधून द्यायच्या आणि त्यांचा इतका हलका असायचा की मी उभ्या उभ्या चार स्लाइस खायचे. आता त्या लेकीकडे राहायला गेल्या, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही आणि तशीही त्यांची रेसिपी म्हणजे "थोडं हे, थोडं ते".

नेटवर बघून मी करते तो असा: ३५० ग्रॅम मिक्स ड्रायफ्रूट, ३०० मिली कडक चहा, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, सगळं रात्रभर भिजवून सकाळी २५० ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लार (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा), एक अंडं आणि एक चमचा मिक्स्ड स्पाइस. बटर, तेल काही नाही. ९०० ग्रॅमच्या लोफ टिनमध्ये १७० वर तासभर. चव बरी येते पण जड होतो हो, आणि खाली बोटभर जाडीचा चिकट ओला थर राहतो. वरून मात्र चॉकलेटी झालेला असतो. अजून एक, चहाची चव फारशी लागत नाही, मी तर आपल्यासारखा पावडर घालून चांगला उकळून घेते.

१ मार्चला सेंट डेव्हिड्स डे (वेल्सच्या संताचा दिवस) आहे, लेकीच्या शाळेत त्या दिवशी बेक सेल असतो, आणि त्याच आठवड्यात सासूबाई येतायत ज्या अंडं खात नाहीत. तर बिनअंड्याचा जमला तर दोन्ही कामं होतील. प्लीज कोणीतरी सांगा कुठे गडबड होतेय.

चिमूटभर_मीठ

ओव्हन फॅनवाला आहे का? असेल तर १७० खूप झालं, १५० वर ठेव आणि सव्वा तास दे. वरून लवकर रंग आला की फॉइल टाकायची. ब्राउन शुगर आणि फळांची साखर, दोन्हीमुळे वरची बाजू पटकन काळपट होते आणि आपण झाला समजून काढतो, आत कच्चाच असतो.

लीड्सचा_पाहुणा

आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये यालाच टी लोफ म्हणतात, थोड्याफार फरकाने तेच. बायको करते, मी खातो, त्यामुळे तिला विचारून लिहितोय.

१) चहा उकळू नका. उकळला की कडूपणा उतरतो, स्वाद नाही. ३०० मिली उकळतं पाणी, त्यात तीन टी बॅग, पाच मिनिटं झाकून ठेवायचं आणि बॅगा न पिळता काढायच्या. जास्त स्वाद हवा तर बॅगा वाढवायच्या, वेळ नाही.

२) सकाळी भांड्यात चहा उरतो का? इथे जर्दाळू, प्रून वगैरे पाकिटावर 'रेडी टू ईट' लिहिलेले मिळतात ते आधीच मऊ असतात, ते फारसा चहा पीतच नाहीत. मग तो सगळा चहा पिठात जातो आणि बॅटर पातळ होतं. बॅटर चमच्यावरून धपकन पडलं पाहिजे, ओघळलं नाही पाहिजे. उरलेला चहा आधी गाळून बाजूला ठेवा, लागेल तसा घाला.

३) पीठ घातल्यावर फेटायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, नाहीतर चिवट होतो.

रानजाई

हो, फॅन ओव्हनच आहे! आणि हो, सकाळी बराच चहा उरतो, मी सगळा ओतत होते कारण रेसिपीत गाळा असं कुठे लिहिलंच नव्हतं. प्रून पण घालते. बायकोला थँक्यू सांगा दादा.

ओट्यावरून

चहा गरम असताना पीठ घातलंस तर बेकिंग पावडर भांड्यातच काम उरकते, टिनमध्ये जाईपर्यंत दम संपलेला असतो. पूर्ण गार होऊ दे.

माझाही एक प्रश्न, मी पुण्यात, इथे सेल्फ रेझिंग मिळतं पण महाग पडतं, मैद्यात करता येईल का? आणि सांगलीचे बेदाणे चालतील का, घरी दोन किलो पडलेत.

चिमूटभर_मीठ

@ओट्यावरून, २५० ग्रॅम मैद्याला सपाट ३ टीस्पून बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ, दोनदा चाळून घे. बेदाणे उत्तम चालतील, पण पिवळेधमक असतील तर गंधकाची धुरी दिलेली असते, कोमट पाण्यात धुऊन मग चहात घाल. निम्म्या काळ्या मनुका घे म्हणजे रंग येईल. टूटीफ्रूटी मात्र नको, ती पाकात मुरलेली कच्ची पपई, चहा तिच्यात शिरतच नाही.

कॉर्कमधली_मावशी

रानजाई, सगळ्यांनी बरोबर सांगितलंय पण मला एक विचारायचंय. आजींचा लोफ कापल्यावर आतून कसा दिसायचा ग? केकसारखा भुसभुशीत, चुरा पडणारा, की पावासारखा, ओढला की रेषा रेषा सुटणारा? आणि वरून चकाकी होती का?

हे का विचारतेय तर इथे आयर्लंडमध्ये ब्रॅकचे, म्हणजे अशाच फ्रूट लोफचे, दोन प्रकार आहेत आणि लोक सर्रास घोळ घालतात. हॅलोविनला दुकानात मिळतो तो बार्मब्रॅक, त्यात यीस्ट असतं आणि आत अंगठी घालतात, ज्याला मिळेल त्याचं लग्न. घरी करतात तो टी ब्रॅक, त्यात यीस्ट नाही, तो तू लिहिलास तसाच, दाट आणि ओलसर. तुमच्या बारा ब्रिथचंही तसंच आहे. जुना प्रकार यीस्टचा, सेल्फ रेझिंगवाला नंतरचा सोपा. नाव दोघांना तेच.

रानजाई

अगं मावशी!! पावासारखा! मी हाताने तुकडा तोडायचे तेव्हा तो लांबत यायचा, आणि वरचा पापुद्रा चिकट चकचकीत असायचा, बोटं चाटावी लागायची. आणि आजी आदल्या दिवशी "आज पीठ फुगायला ठेवलंय" असं काहीतरी म्हणायच्या, मला वाटायचं ब्रेडचं म्हणतायत.

कॉर्कमधली_मावशी

मग झालं तर! तू कितीही चहा गाळ आणि ओव्हन कमी कर, चिकट थर जाईल पण तो लोफ आजींसारखा होणार नाही, कारण तो मुळात दाटच असतो. बिनबटरचा, निम्मा फळांनीच भरलेला, तो हलका होणार कसा? तुला यीस्टचा करायचाय. आणि त्यात अंड्याची गरज नाही, म्हणजे सासूबाईंचाही प्रश्न सुटला.

घे लिहून, हे ९०० ग्रॅमच्या टिनचं माप आहे. २५० ग्रॅम फळं ३०० मिली चहात रात्रभर, साखर न घालता. प्रून वगळ, लगदा होतो. सकाळी चाळणीत गाळून घे, खाली साधारण निम्मा चहा उरेल, त्यात दूध घालून २४० मिली कर आणि कोमट कर, बोट सुखाने बुडेल इतकंच, जास्त गरम झालं तर यीस्ट मरेल. ४०० ग्रॅम स्ट्राँग ब्रेड फ्लार (पावासाठीचं पीठ), ७ ग्रॅमचं यीस्टचं पाकीट, पाऊण चमचा मीठ, ५० ग्रॅम ब्राउन शुगर. मळायला घे, पाच मिनिटांनी ५० ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं घालत अजून दहा मिनिटं मळ. सुरुवातीला हाताला चिकटेल, पीठ वाढवायचं नाही. याच मोहात सगळे पडतात आणि लोफ कोरडा होतो.

झाकून ठेव, दुप्पट होईपर्यंत. बटर-साखरेमुळे साध्या पावापेक्षा वेळ लागतो, दीड-दोन तास धर. मिक्स्ड स्पाइस पिठात सुरुवातीला घालू नकोस, दालचिनीने यीस्ट मंदावतं. एकदा फुगून आलं की पीठ ओट्यावर चौकोनी थापायचं, फळं टॉवेलवर पसरून नीट कोरडी करून त्यावर पसरायची, मसाला भुरभुरायचा, घड्या घालून हलक्या हाताने एकजीव करायचं. ओली फळं घातलीस तर पीठ निसरडं होतं आणि प्रत्येक बेदाण्याभोवती कच्चं राहतं. वर डोकावणारे बेदाणे आत खुपस, ते जळून कोळसा होतात. मग टिनमध्ये, परत पाऊण ते एक तास, काठाच्या वर बोटभर आलं की ओव्हनमध्ये. फॅनवर १७०, चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं, वीस मिनिटांनी फॉइल. टिनमधून काढून बुडावर टकटक कर, पोकळ आवाज आला पाहिजे.

चकाकीसाठी चमचाभर साखर आणि दोन चमचे कडक चहा उकळून पाक कर आणि लोफ गरम असतानाच ब्रशने लाव. चहाची चव तुला इथे लागेल.

लीड्सचा_पाहुणा

मावशी _/\_

रानजाई, अजून एक, सासूबाई शाकाहारी असतील तर विकतचा आणताना पाकीट वाचा. जुन्या पद्धतीच्या यीस्टवाल्यात बटरऐवजी लार्ड म्हणजे डुकराची चरबी घालायचे, काही बेकऱ्या अजूनही घालतात.

रानजाई

अरे बापरे, बरं झालं सांगितलंत दादा. मार्केटमधून विकतचा आणून ठेवायचा प्लॅन बी तयारच होता माझा.

पाटीवरचा_खडू

अवांतर: हे वेल्श लोक १८६५ साली मिमोसा नावाच्या जहाजातून अर्जेंटिनात पॅटागोनियाला गेले, तिथे गाइमान गावात अजून वेल्श टी हाउस आहेत, १९९५ मध्ये प्रिन्सेस डायना त्यातल्या एकात चहाला गेली होती. तिथला त्यांचा केक मात्र वेगळा, तोर्ता नेग्रा, काळा आणि चांगला जड. म्हणजे जडच आवडत असेल तर तिकडे जाता येईल :ड

ओट्यावरून

मिक्स्ड स्पाइसऐवजी चहा मसाला घातला तर? नाहीतरी चहाचाच लोफ आहे.

चिमूटभर_मीठ

अर्धा चमचा घाल, त्यात मिरी आणि सुंठ जास्त असते, सवयीने चमचाभर घातलास तर काढ्याचा पाव होईल. मिक्स्ड स्पाइस म्हणजे मुख्यतः दालचिनी, जायफळ, थोडी लवंग, ऑलस्पाइस. घरी दालचिनी-जायफळ कुटून घेतलंस तरी भागतं.

रानजाई

शेवटचा प्रश्न मावशी, मग पिडणार नाही. फेब्रुवारीत आमचं किचन म्हणजे बर्फ, हीटिंग संध्याकाळीच लावतो, पीठ फुगेल का? आणि किती दिवस आधी करून ठेवता येईल, सेल्फ रेझिंगवाला मी दोन दिवस आधी करायचे, मुरला की चांगला लागायचा.

कॉर्कमधली_मावशी

पीड ग खुशाल. बंद ओव्हनमध्ये पीठ ठेव, खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचं पातेलं, दार लावून टाक. पाणी गार झालं की बदल. घड्याळाकडे बघू नकोस, पिठाकडे बघ, तीन तास लागले तर लागू देत.

मुरवायचं मात्र विसर. बिनयीस्टचा फॉइलमध्ये गुंडाळून दोन दिवसांनी जास्त चांगला लागतो, यीस्टचा याच्या उलट, दुसऱ्या दिवशीच उतरायला लागतो. बेक सेलसाठी आदल्या संध्याकाळी कर, पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नकोस, फ्रीजमध्ये तर अजिबात नको, अजून लवकर शिळा होतो. सासूबाईंसाठी वेगळा करणार असशील तर स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाक, गोठलेलीच स्लाइस तव्यावर बटरवर भाजून द्यायची. मंद आचेवर हां, साखर लागते खाली.