बोराच्या लाकडाचे धनुष्य: पोटावर सुरकुत्या का पडतात?

पानपट्टी
धामणाचे लाकूड मिळत नाही म्हणून बोराच्या फांदीचे धनुष्य करायला घेतले आहे. लांबी १६५ सेंमी, पान (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग) सगळीकडे ३.५ सेंमी रुंद. फांदी तोडून चार महिने झाले, साल अलीकडेच काढली. २२ इंच ओढीला पोटावर (ओढणाऱ्याकडच्या बाजूला), मुठीपासून वीतभर अंतरावर, आडव्या बारीक रेघा उमटल्या. पाठ (समोरची बाजू) शाबूत आहे. २६ इंच ओढीला ४० पौंड जोर हवा होता. वार्षिक कडी (लाकडातली वर्षावर्षाची वलये) दिसतच नाहीत, मग पाठ कुठून धरायची? बोर या कामाचे नाहीच का?

रंधा-कानस
रेघा एकाच जागी आहेत की पानभर? एकाच जागी असतील तर तिथे लाकूड पातळ झाले आहे आणि सगळा बाक तिथेच येतो. पानभर असतील तर लाकूड ओले आहे किंवा पान अरुंद. तुमच्या वर्णनावरून पहिले कारण दिसते, पण चार महिने सालीसकट ठेवलेली फांदी आतून ओलीच असणार. दोन्ही तपासा.

या रेघा म्हणजे चिरडलेले तंतू, ते पुन्हा जुळत नाहीत. त्या जागेला आता कानस लावू नका. उरलेले पान आणि दुसरे पान खरवडून बाक पसरवा. जोर ३० पौंडांवर येईल, तो मान्य करा. जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा सुमारे २७ टक्के घटतो, म्हणून एका वेळी चार-पाच हातच मारा, मग अर्ध्या ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढा, आणि मगच परत बघा. खरवडल्यावर लगेच पूर्ण ओढले तर नवा बाक अजून दिसलेलाच नसतो.

सालाखालचा
कडी दिसत नसतील तर शोधूच नका. साल काढल्यावर जो गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, तोच पाठ. त्याला हत्याराचे टोक लागू देऊ नका. बोराच्या फांद्यांना पीळ असतो, तेव्हा साल काढल्यावर बारीक चिरा कुठल्या दिशेला धावतात ते बघा. वितीमागे बोटभर तिरप्या असतील तर तो तुकडा सोडा. ओढताना तंतू पाठीवरून उचकटतो आणि तिथूनच मोडतो. गाठ आली तर तिच्याभोवती थोडे लाकूड जास्त ठेवा.

पुढच्या वेळी तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावा, साल काढा, उभे फाडून ओबडधोबड आकार द्या आणि सावलीत ठेवा. सालीखाली भुंगेरे पोसतात, चूर पडतो. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन आठवडे काटा हलला नाही की लाकूड त्या हवेपुरते वाळले.

वाकवून-बघा
तोडायच्या आधी विचारायचा प्रश्न होता, तरी सांगते. झाडाच्या नावावर माप ठरवू नका. त्याच लाकडाची १ सेंमी जाड आणि १ सेंमी रुंद सरळ पट्टी घ्या. ५० सेंमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवा आणि मध्ये बादली टांगून ३.५ सेंमी वाकेपर्यंत पाणी ओता. वाकवायला किती लिटर लागले ते ताठपणा सांगते. अर्ध्या मिनिटाने सोडा, मग किती बाक उरला ते मोजा. हे धामणावर आणि नव्या लाकडावर, दोन्ही वाळलेल्या पट्ट्यांवर करा. जिथे बाक जास्त उरतो, तिथे पान रुंद आणि धनुष्य लांब हवे.

बोरासाठी सुरुवातीला १७० सेंमी लांबी धरा. मूठ १० सेंमी, दोन्हीकडे पानात मिसळणारा ५ सेंमीचा उतार, पान मध्यापर्यंत ४.५ सेंमी आणि टोकाला १.२. रुंदी सगळीकडे सारखी ठेवली की टोके जड होतात आणि बाण मंदावतो.

पानपट्टी
बघितले. रेघा फक्त उजव्या पानाच्या एका जागी, बाकी पोट स्वच्छ. त्या जागेची जाडी ९ मिमी, शेजारी ११.५. म्हणजे तिथेच पातळ झाले होते. ३० पौंडांवर उतरवतो.