मदत हवी आहे: हिंसक सिनेमे मित्रमंडळींत दाखवायचेत, निवडू कसे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे आठ जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा पाहतो. प्रोजेक्टर माझ्या दिराचा, पडदा म्हणजे पांढरी चादर. या खेपेला ठरलं की सलग तीन महिने अंगावर येणारे, हिंसक सिनेमेच पाहायचे. पहिलाच शनिवार बिनसला आणि आता पुढची पाळी माझी आहे.

झालं असं, की गेल्या वेळी एकाने नवा मारधाडीचा सिनेमा लावला. नाव देत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाईल. अर्ध्या तासात मोजता येणार नाहीत इतके मुडदे पडले. एका प्रसंगात नायक एकाला चाकूने भोसकतो आणि मागे उडत्या चालीचं गाणं वाजत असतं. आम्ही हसलो. कुणीतरी शिट्टी मारली. माझी मैत्रीण उठून आत गेली, मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. दहा मिनिटांनी मागे गेले तर ती ओट्याशी उभी राहून धुतलेले कप पुन्हा धूत होती. नळ सुरू, एकेक कप घ्यायचा, आतून बोट फिरवायचं, उपडा ठेवायचा, परत उचलायचा. मी हाक मारली तरी मान वळवली नाही.

दहा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावावर हल्ला झाला होता. तो त्यात गेला. मला हे माहीत होतं, मी तेव्हा तिच्याबरोबर दवाखान्यात बसले होते, आणि तरीही त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात काही आलं नाही. हे मला फार लागलंय.

बाकीचे म्हणतात, यापुढे हलकंफुलकंच पाहू. मला ते पटत नाही. हिंसेवरचे काही सिनेमे मी पाहिलेत आणि त्यांनी मला बदललंय. ते आपल्या माणसांबरोबर पाहावेत असं मनापासून वाटतं. तर कोणते लावू? आणि ‘हा दाखवण्याजोगा, हा नाही’ हे तुम्ही कशावरून ठरवता? भाचीलाही यायचंय, ती सतरा वर्षांची आहे.

मधली_रांग

पटकन आठवले ते लिहितो. सेव्हन, ओल्डबॉय, सिटी ऑफ गॉड, नो कंट्री फॉर ओल्ड मेन, गँग्स ऑफ वासेपूर. ओल्डबॉयमध्ये बोळातली हातोड्याची मारामारी एका सलग शॉटमध्ये आहे, मी ती निदान दहा वेळा पाहिली असेल. पण तुमची मैत्रीण असेल तर ओल्डबॉय नको. त्यातलं रक्त पचतं, शेवट पचत नाही. भाची असेल तर मुळीच नको.

करमाळकर

ताई, मी सैराटबद्दल लिहितो. (शेवट सांगणार आहे, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नये.)

आमच्या भागात चित्रीकरण झालेलं, त्यामुळे 2016 च्या मे महिन्यात अख्खं गाव थिएटरात लोटलं होतं. झिंगाटला लोक खुर्च्यांवर चढून नाचले. नाणी उधळली. मीही नाचलो. आणि त्याच खुर्च्यांवर तीच माणसं शेवटी बसली होती. भाऊ आणि नातलग आईने पाठवलेल्या भेटी घेऊन येतात, आर्ची चहा टाकते, शेजारीण पोराला बाहेर घेऊन गेलेली असते. मारताना दाखवलंच नाही. पोरगं परत येतं, आत जातं, रडत बाहेर चालू लागतं आणि मागे छोट्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. आवाज नाही. संगीत नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हातात शेंगदाण्याची पुडी. पाटी संपून दिवे लागले तरी ते उठले नाहीत. पुडी त्यांनी इतकी घट्ट आवळली होती की दाणे खाली सांडले होते. मला म्हणाले, “पोरगं वाचलं न्हवं?” मी हो म्हटलं. त्यांनी परत विचारलं.

मी यावरून ठरवतो. मेलेल्या माणसाचं काहीतरी मागे उरलेलं दाखवलंय का? उरलं असेल तर तो सिनेमा मी कुणालाही दाखवतो. फँड्रीतही शेवटचा दगड थेट आपल्याकडेच येतो.

ध्वनीवाला

मी ध्वनिमिश्रणाचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर जरा वेगळ्या बाजूने आहे. आपण ज्याला ‘फार हिंसक’ म्हणतो त्यातलं निम्मं कानाने ऐकलेलं असतं. सायको (1960) घ्या. न्हाणीघरातल्या खुनात रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलंय, सिनेमा कृष्णधवल असल्याने ते चालून गेलं. सुरी अंगात शिरल्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून घेतला. दिग्दर्शक हिचकॉकला त्या प्रसंगात संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर ती किंकाळी रचली, ती ऐकल्यावर त्याने मत बदललं. आजही माणसं शपथेवर सांगतात की त्यात सुरी अंगात घुसताना त्यांनी नीट पाहिली. पाहिलेली नसते, तुकडे भराभर येतात आणि जोडणी आपणच करतो. सेव्हनमधल्या खोक्याचंही तेच. खोक्यात काय आहे ते एकदाही दाखवलेलं नाही.

आता कामाचं. घरी स्पीकर लावताना सबवूफर कमी करा. हाड मोडल्याचे, ठोशाचे आवाज हल्ली छातीत बसतील असे मिसळलेले असतात आणि ज्याच्यावर खरंच काही बेतलंय त्याचं शरीर आधी त्या आवाजाला दचकतं, चित्राला नंतर. खोलीत मिट्ट काळोखही करू नका. मागचा एक दिवा राहू द्या. मैत्रिणीला दाराजवळची जागा द्या, म्हणजे उठायचं झालं तर कुणाच्या पायांवरून जावं लागणार नाही.

शनिवारात_वाढलेली

मी पुण्याची, वय आता साठीच्या पुढे. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी शाळेत होते. 1976 आणि 77 ची ती गोष्ट. दिवेलागणीनंतर आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा बंद व्हायचा, तो याआधी कधी रात्री दहाच्या आत लागलेला मी पाहिला नव्हता. आई दार उघडण्याआधी नाव विचारायची, मग वडिलांचं नाव विचारायची, मग आवाज ओळखीचा वाटला तरच कडी काढायची. दोषी ठरलेल्या चौघांना 1983 मध्ये येरवड्यात फाशी झाली.

पुढे 1986 मध्ये त्या प्रकरणावर माफीचा साक्षीदार आला. घरातले सगळे गेले, मी आणि आई गेलो नाही. आई एवढंच म्हणाली की मला त्या मुलांचे चेहरे परत बघायचे नाहीत. तो सिनेमा वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात घडलं तिथल्या माणसाला तो बघताना पडदा मध्ये नसतो, एवढं मात्र मला कळलं. तुमच्या मैत्रिणीचं तसंच असेल.

दूरदेशी

कम अँड सी (1985). सोव्हिएत सिनेमा, दिग्दर्शक एलेम क्लिमोव्ह, 1943 सालचा बेलारूस. माझ्या मते हिंसेवर याहून प्रामाणिक सिनेमा झालेला नाही. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः किशोरवयात तिथल्या जंगलात जर्मनांविरुद्ध लढला होता. सिनेमाच्या शेवटी पाटी येते की बेलारूसमधली 628 गावं त्यांतल्या माणसांसकट जाळली गेली. क्लिमोव्हने यानंतर एकही सिनेमा केला नाही.

फ्ल्योरा नावाच्या पोराचा चेहरा दोन-अडीच तासांत म्हातारा होतो. शेवटी तो चिखलात पडलेल्या हिटलरच्या फोटोवर गोळ्या झाडत राहतो आणि पडद्यावर इतिहास उलटा फिरू लागतो. फौजा मागे जातात, इमारती परत उभ्या राहतात, आणि फिरत फिरत शेवटी आईच्या मांडीवरचा तान्हा हिटलर येतो. तिथे त्याच्याच्याने गोळी सुटत नाही. मी हा सिनेमा पाहिला त्याला बारा वर्षं झाली, रोज नाही, पण महिन्यातून एकदा तरी तो हात थांबलेला आठवतो.

पण तुमच्या गटाला पहिल्याच फटक्यात हा नको. तिसऱ्या महिन्यात ठेवा, आणि सगळ्यांना आधी सांगून.

फायटमास्तर

मला थोडं दुसऱ्या बाजूने बोलू द्या. मारामारी बघायला आवडते म्हणून माणूस निर्दय ठरत नाही. पडद्यावरची चांगली फाइट नाचासारखी बसवलेली असते, त्यामागे महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते, पडणाऱ्याला लागू नये म्हणून दहा जण जीव तोडत असतात. त्या कसबाला दाद दिली तर त्यात मला गैर वाटत नाही.

किल (2024 मध्ये थिएटरात आला) पाहा. धावत्या रेल्वेगाडीत दरोडेखोर शिरतात, एक कमांडो त्यांना मारत सुटतो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेच जवळजवळ मध्यावर. तिथून पुढे तो इतका भीषण मारतो की टाळ्या थांबतात. शिवाय ते दरोडेखोर एकमेकांचे काका, भाऊ, पुतणे आहेत, आपल्या मेलेल्यांसाठी ते रडतात. मी पहिला अर्धा भाग शिट्ट्या मारत पाहिला आणि दुसरा गप्प बसून. दोन्ही एकाच तिकिटात. तरीपण तुमच्या बैठकीत लावू नका, हे मलाही कळतं.

कोपऱ्यातला_दिवा

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण गोदाकाठ, तू तिला विचारलंस का? आपण सगळे तिच्या वतीने ठरवतोय. ‘तिला सोसणार नाही’ हेही आपणच ठरवलं. मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून सांगते. जिच्यावर बेतलं तिला काय चालेल हे बाहेरून ओळखता येत नाही. कुणाला रक्त चालतं पण दवाखान्याचा पांढरा बोळ चालत नाही. एकटीला गाठ, चहा पिताना विचार, आणि ‘नको’ म्हणाली तर कारण मागू नकोस.

दोन सोयीच्या गोष्टी: ‘डझ द डॉग डाय’ या संकेतस्थळावर सिनेमाचं नाव टाकलं की त्यात कोणकोणत्या त्रासदायक गोष्टी आहेत ते कळतं. आयएमडीबीवर पालकांसाठीचा विभागही असतो. तिथले तपशील तू आधी वाच आणि सगळ्यांना गोष्ट न फोडता सांग. भाचीसाठी प्रमाणपत्र बघ. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर यूए मध्ये 7, 13 आणि 16 असे तीन टप्पे झालेत. जुन्या सिनेमांना ते नसतील, तिथे ‘ए’ असेल तर सरळ नाही म्हण.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कोपऱ्यातला_दिवा, तुझा प्रतिसाद वाचून मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले. विचारायला मला पाऊण तास लागला.

ती म्हणाली, “रक्ताचं काही नाही गं. रक्त मी पाहिलंय. त्याला भोसकलं तेव्हा तुम्ही सगळे हसलात, तू पण हसलीस. मला वाटलं, त्या दिवशी तिथे उभे असलेले पण असेच हसले असतील.”

मला पुढे काही बोलता आलं नाही. नंतर तीच म्हणाली की सैराट तिने दोनदा पाहिलाय, एकदा एकटीने. आणि शनिवार बंद करू नकोस, पण आधी मला सांग काय लावणार आहेस.

फायटमास्तर, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण आमच्या खोलीत आठ माणसं आहेत, मला त्या आठांचा विचार करायचाय. करमाळकर, ‘मागे काय उरलं’ ही तुमची कसोटी मी वहीत लिहून ठेवली. तिला जोडून माझी एक: मारताना सिनेमा आपल्याला हसायला लावतोय का?

आता अडलंय ते असं. माझ्या मनात अर्धसत्य (1983) आहे. आणखी कुणाचं काही?

ध्वनीवाला

अर्धसत्य उत्तम. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं. त्यातला फौजदार वेलणकर कोठडीत एका किरकोळ चोराला मारतो, तो मरतो. आपण तोवर वेलणकरच्या बाजूने असतो, त्याचा राग आपल्याला आपला वाटत असतो, आणि तोच राग कुठे जाऊन पडला ते बघावं लागतं. फक्त हे मैत्रिणीला आधी सांगा, मार खाऊन मेलेला माणूस आहे त्यात.

दुसऱ्या महिन्यासाठी मेमरीज ऑफ मर्डर (2003). कोरियातल्या ह्वासोंगमध्ये 1986 ते 91 दरम्यान बायकांचे खून झाले, त्यावर आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, डीएनएवरून तो 2019 मध्ये कळला. शेवटी पोलिसाची भूमिका करणारा नट थेट आपल्याकडे पाहतो. तो कुणाला शोधतोय ते माहीत असलं की तिथे हसू फुटत नाही. भाचीला मात्र यातून सुट्टी द्या.

गोदाकाठ

ठरलं. तिला काल संध्याकाळी फोनवर अर्धसत्यची गोष्ट सांगितली, कोठडीचा प्रसंगही सांगितला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “येते. त्या वेळी वाटलं तर गॅलरीत जाईन, तू माझ्या मागे येऊ नकोस.” नाही येणार म्हटलं.

बाकी सहा जणांनाही तोच प्रसंग आधी कळवलाय. भाचीला समजावलं, जरा रुसली आहे. मागचा दिवा कोणता ठेवावा? माझ्याकडे एक पिवळा आणि एक पांढरा आहे, आणि चादरीवर पांढऱ्याने चित्र फिकं पडतं.

ध्वनीवाला

पिवळा. पाठीमागे, जमिनीलगत, भिंतीकडे तोंड करून.