आधी ओढणं थांबवा

तीन महिन्यांचं पॉमेरेनियन पिल्लू लीश (फिरवायची दोरी) लावली की फतकल मारून बसतं आणि ओढलं तर खोकतं, असं तुम्ही लिहिलंय. हा हट्ट नाही, ते घाबरलंय. ओढलं की कुत्रं उलट जोर लावतं, आणि छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्टा काढा, छातीवरचा हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा) घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. लीश दीड मीटरची, हलकी. जड हूक पाठीवर आपटत राहिला तरी पिल्लू जागचं हलत नाही. खोकला तरीही राहिला तर पशुवैद्याला दाखवाच.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू जेवताना त्याला नुसता हार्नेस घाला. मग घरातच लीश मागे फरफटू द्या, पण नजर ठेवून. खुर्चीच्या पायात अडकून झटका बसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नंतर टोक हातात धरा, शेजारी उकिडवे बसा. लीश ढिली असताना एक पाऊल आलं तरी उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा लगेच द्या. थांबलं तर तुम्हीही थांबा. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, पुरे.

मग इमारतीचा पॅसेज. रस्ता लसींचा कोर्स पुरा झाल्यावरच. मुंबईत दुपारी डांबर तापतं. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, सोसवलं नाही तर संध्याकाळी न्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) धोका असतो.