थायरॉइडची गोळी बंद करू नका

"दिवस राहिले की आधीच्या सगळ्या गोळ्या बंद केलेल्या बऱ्या," हे मत सरसकट लागू करू नका. थायरॉइड कमी असेल तर उलटंच असतं. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेशी काम करत नाही, ते आईच्याच थायरॉक्सिनवर (थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, गोळीतही तेच असतं) अवलंबून असतं. त्यामुळे बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. माझा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाला, तेव्हा सासूबाई आठवडाभर धास्तावलेल्या होत्या!

आणखी एक सांगते. डोस वाढवूनही माझं टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) खाली येईना. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता कशा?" मी सकाळी थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही एकदम चहाबरोबर गिळत होते. लोह आणि कॅल्शियममुळे थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही, मध्ये चार तासांचं अंतर हवं. मग थायरॉइडची उठल्या उठल्या पाण्यासोबत, लोहाची दुपारी, कॅल्शियम रात्री असं सुरू केलं. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. फिट येण्यावरच्या (अपस्माराच्या) गोळ्यांचं प्रकरण मात्र वेगळं. त्यातल्या व्हॅल्प्रोएटने बाळाला व्यंग येऊ शकतं, पण ती मनाने एकदम थांबवली तर झटके येतात. ती बदलायची असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना गाठा.