नागपूर: तिला घेऊन आधी कुठं जाऊ? (तातडीचं)

बचतगटवाली (बुधवार, सायं. ६:४०)
आमच्या गटातली एक बाई चार घरची धुणीभांडी करते. सोमवारी रात्री तिच्यावर जबरदस्ती झाली. माणूस ओळखीतलाच. मला आज दुपारी सांगितलं, तेव्हापासून नुसती रडून राहिली आहे. खाजगी दवाखान्यात घेऊन गेली मी, तर काउंटरवरूनच परत पाठवलं, "आधी पोलिसांचं पत्र आणा." ती ठाण्यात जायला तयार नाही, घरी सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यांपैकी मेडिकल, मेयो की डागा? की आधी वकील? वस्ती [संपादित].

कडुलिंब
वस्तीचं नाव लगेच काढा. तिची ओळख पटेल असं काही छापणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे दोन खुणा सांगितल्या की तिसरी लोक स्वतःच जोडतात.

जुनी_सिस्टर
ताई, आज रात्रीच निघा. एचआयव्ही आणि गर्भ टाळायची औषधं ७२ तासांच्या आत घ्यावी लागतात, तुमच्याकडे उद्या रात्रीपर्यंतच वेळ आहे. उद्या सकाळची ओपीडी बघू म्हणू नका, अपघात विभागातूनच आत जा. वर लिहिलेल्या तिन्हींपैकी जे जवळ पडेल ते.

पत्र लागत नाही. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयानं ताबडतोब आणि फुकट उपचार करायचेच आहेत. नाकारलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काउंटरवर हे शांतपणे, पण मोठ्यानं बोला.

सोमवारचे कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते. आंघोळ झाली असेल तरी जायचंच. प्रत्येक तपासणीला तिची संमती विचारली पाहिजे, एखादी नको म्हणाली तरी उपचार थांबत नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर खाकी दिसली की तिला वाटेल तुम्हीच फसवलं. जबाब द्यायचा नसेल तर तसा नकार लिहून घेतात. आणि ती 'दोन बोटांची' (योनीत बोटं घालून करायची) तपासणी कोणी करू लागलं तर थांबवा. ती करणं म्हणजे गैरवर्तन, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्येच म्हटलं आहे.

धरमपेठकर
माझ्या मते आधी एफआयआर. उशीर झाला, अंगावर जखमा नाहीत, की समोरचा वकील तेच धरतो.

कडुलिंब
तो धरेल, पण कायदा आता तिथं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं; १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या. त्यावरून देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती नव्हे, हे २०१३ पासून कायद्यात स्पष्टच लिहिलं आहे. एफआयआर तिची तयारी झाल्यावर करा. कोणत्याही ठाण्यात होते, हद्दीचं कारण चालत नाही, जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा, तोही तिच्या घरी घेता येतो.

विधीसेवा_दीदी
वकिलाचे पैसे भरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. मनोधैर्य योजनेचा (अशा बाईला सरकारकडून मिळणारी आर्थिक मदत) अर्जही तिथूनच. रात्री अडलं तर १८१ (महिला हेल्पलाइन), धोका वाटला तर ११२ (पोलीस) लावा. घरी राहणं नको झालं तर सखी केंद्रात (अशा बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पाच दिवस राहता येतं.

बचतगटवाली (शुक्रवार)
त्याच रात्री नेलं. कोणत्या रुग्णालयात ते लिहीत नाही. औषधं मिळाली. पोलिसांना अजून 'नाही'च म्हणते, आम्हीही रेटत नाही. फक्त काल एकदा विचारलं तिनं, "जबाब घरी देता येतो म्हणालीस न?"

गटातल्या दोघी पाळीनं तिच्याकडे झोपतात. चार दिवसांचे पैसे गटातून दिले, कर्ज म्हणून नाही. चारही घरी खाड्याचं कारण ताप सांगितलं आहे.